शिलेदार व्हायचं असेल तर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण)



पोहे खाऊन झाल्यावर आणि जेवणाची पानं मांडायच्या आधी ज्याला बोलायला उभं करतात, त्याने लांबण लावू नये, एवढं तारतम्य मला आहे. विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच माझ्या गळ्यात घातलाय. गेल्या दिवाळीत आपल्या गटावर एक प्रस्ताव आला, की आपल्या तुकडीने मिळून रेसचा एक घोडा घ्यावा. अर्ध्या तासात चौदा जणांनी अंगठा उचलला. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे बाईंनी आपल्याला आठवीतच शिकवलंय. तरी मी तो होकारच समजतो.

पुण्याच्या रेसकोर्सच्या आसपासच्या पागांमध्ये घोड्यांचा डॉक्टर म्हणून माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. त्यामुळे "अरे, तू सांग, घोडा घ्यायचा कसा?" हा प्रश्न माझ्याकडे येणारच होता. आज तेच सांगतो. घ्या किंवा घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. घ्यायचा तर काय काय डोक्यात ठेवून घ्यायचा, एवढंच बोलतो.

आधी घोडा कोणता ते बघू. मैदानावर धावतो तो थरोब्रेड. साधारण तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात पूर्वेकडून आणलेल्या घोड्यांपासून ही जात तयार झाली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तिचे तीन मूळपुरुष. आज जगातल्या कुठल्याही थरोब्रेडचं बापाकडून वर वर गेलं, की तुम्ही या तिघांपैकी एकापाशी पोचता. १७९१ साली इंग्लंडात या वंशावळीची पहिली नोंदवही छापली गेली. आपल्या देशाची नोंदवही ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया आपल्या पुण्यातच आहे. शिंगरू जन्मलं की त्याच्या अंगावरच्या खुणा लिहिल्या जातात, डीएनए तपासून आईबाप पक्के केले जातात. कृत्रिम रेतनाने झालेलं शिंगरू या जातीत धरलंच जात नाही. आपल्या घराण्यांत कुळी बघतात ना, त्याहून कडक काम आहे हे.

आणखी एक गंमत. या घोड्यांचा वाढदिवस, जन्म कुठल्याही महिन्यातला असो, एक जानेवारीला धरतात. आपल्यातल्या निम्म्यांचे वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर एक जूनला आहेत, तसंच.

हा एके काळी राजेरजवाड्यांचा खेळ होता. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली झाली. ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. आज महालक्ष्मीला किंवा पुण्याला पॅडॉकमध्ये उभं राहून बघा. महाराजांऐवजी बांधकामवाले दिसतील, डॉक्टर, वकील दिसतील आणि एका घोड्यामागे चार-पाच जण मिळून उभे असलेलेही दिसतील. म्हणजे दार उघडं आहे. आत शिरायच्या वाटा चार.

पहिली वाट, एकट्याने घोडा घेणं. निर्णय तुमचा, मान तुमचा आणि बिलही तुमचं. दुसरी, भागीदारी. दोन-चार जणांनी हिस्से ठरवून घ्यायचा. तिसरी सिंडिकेट, म्हणजे बरेच जण आणि त्यांच्या वतीने व्यवहार बघणारा एक जबाबदार माणूस. आपल्या चौदा जणांची वाट ही. चौथी भाडेपट्टा. स्टड फार्मकडून घोडी किंवा घोडा ठरावीक काळासाठी घ्यायचा, तो पळेल तोवर खर्च आपला, करारात ठरेल तशी बक्षिसांची वाटणी आणि मुदत संपली की जनावर परत मूळ मालकाकडे. नवख्याला ही वाट मला बरी वाटते. का ते पुढे येईलच.

यांतली कुठलीही वाट धरली तरी क्लबकडे मालक म्हणून नोंद करावी लागते. मुंबई-पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. या क्लबचा इतिहास १८०२ पर्यंत मागे जातो. पावसाळ्यात पुण्याचा हंगाम, थंडीत मुंबईचा. अर्ज करायचा, कागदपत्रं द्यायची, क्लबने मान्यता दिली की जॉकीच्या अंगावरचे आपले रंग नोंदवायचे. घोड्याचं नावही मंजूर व्हावं लागतं. रोमन लिपीत मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरांच्या पुढे नाव जाऊ शकत नाही. त्यामुळे आपल्या शाळेचं पूर्ण नाव घोड्याला द्यायची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी ती इथेच सोडून द्यावी.

आता खरेदी. नवखा माणूस आधी घोडा शोधतो. माझं सांगणं आहे, आधी ट्रेनर शोधा. घोडा तुमच्या नावावर असला तरी तो राहणार त्याच्या पागेत, खाणार त्याने सांगितलेलं आणि पळणार त्याने निवडलेल्या शर्यतीत. चार ट्रेनरना भेटा. सकाळी साडेपाचला ट्रॅकवर जाऊन उभे राहा. पागेत सईस, म्हणजे आपला जुना मोतद्दार, जनावराशी कसा वागतो ते बघा. घोड्याला खरारा करताना तो कान पाडून दात दाखवत असेल, तर त्या पागेत काहीतरी बिनसलंय असं समजा. आणि ट्रेनरला एकच प्रश्न विचारा, "घोडा पळण्यालायक नाही असं दिसलं, तर तुम्ही मला किती दिवसांत सांगाल?" उत्तर देताना तो क्षणभर थांबला तर चांगलं. लगेच "तसं होणारच नाही" म्हणाला, तर नमस्कार करून निघा.

मग घोडा. लिलावात हातोडा पडला की घोडा तुमचा, तिथे "बायकोला विचारून सांगतो" चालत नाही. म्हणून तपासणी आधी. वंशावळ बघताना नुसता बाप बघू नका, आई बघा. ती स्वतः पळाली का, तिच्या आधीच्या शिंगरांनी काय केलं, ते बघा. एका नामांकित घोड्याची वर्षाला कितीतरी शिंगरं जन्मतात, घोडीला मात्र अकरा महिने पोटात वाढवून एकच होतं. आईकडून कळतं ते जास्त नेमकं असतं.

त्यानंतर डॉक्टर. तोही विकणाऱ्याचा नव्हे, तुम्ही पैसे दिलेला. सांध्यांचे एक्स-रे, नाकातून दुर्बीण घालून घशाची तपासणी, हृदयाचे ठोके, आणि सरळ रेषेत चालवून पावलं कशी पडतात ते बघणं. घशाची तपासणी यासाठी, की काही घोड्यांचा स्वरयंत्राचा एक पडदा नीट उघडत नाही. उभा असताना काही कळत नाही, पण भरधाव सुटला की श्वास घरघरतो आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो मागे पडतो. लाखो रुपयांचा फरक पाच मिनिटांच्या तपासणीत कळतो.

घेतलेलं शिंगरू लगेच पळवायचं नसतं. भरधाव घोड्याचं वजन एका क्षणी एकाच पुढच्या पायावर येतं, आणि त्या पायावरचा भार त्याच्या अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो. अंगाचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. गुडघ्याच्या वरच्या हाडातली वाढीची जागा भरायला दोन-अडीच वर्षं लागतात. तोवर ते हाड कोवळंच. ट्रेनर म्हणाला, "अजून तीन महिने थांबू," तर ते तीन महिने आनंदाने द्या. घाई मालकाची असते आणि पाय जातो घोड्याचा.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय तो पैशाचा भाग. खरेदीची किंमत हा लहान आकडा समजा. मोठा आकडा महिन्याचा. ट्रेनरची फी, चंदी-वैरण, सईस, नालबंद, डॉक्टर, औषधं, पुणे-मुंबई वाहतूक, जॉकीची फी. घोडा दिवसाला दहा-बारा किलो खातो. चार-सहा आठवड्यांनी नाल बदलावे लागतात. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. घोडा म्हटला की त्याच्यामागे माणसं लागतातच. ती गोष्ट तेव्हाही खरी होती, आताही आहे.

हिशेब असा करा. ट्रेनरकडून महिन्याचा सगळा धरून आकडा घ्या, त्याला चोवीसने गुणा, वर आजारपणासाठी चौथाई टाका. शिंगरू म्हणून घेतलेला घोडा शर्यतीला उभा राहून त्याचं काय ते कळायला एवढा काळ सहज जातो. ही रक्कम बक्षिसाचा एक रुपया न येता बुडाली, तरी घरच्या जेवणात, मुलांच्या शिक्षणात आणि आईवडिलांच्या औषधात फरक पडणार नसेल, तरच पुढे जा.

बक्षिसं मिळतात की, असं कुणीतरी म्हणेल. मिळतात. पण दहा घोड्यांच्या शर्यतीत नऊ मालक न जिंकता घरी जातात. जिंकला तर बक्षिसात ट्रेनर आणि जॉकीचा टक्का असतो, शिवाय हँडिकॅपर तुमच्या घोड्याचं रेटिंग वाढवतो, म्हणजे पुढच्या वेळी पाठीवर जास्त वजन. चांगल्याला जड करून सगळ्यांना सारखी संधी द्यायची, हा त्या पद्धतीचा हेतूच आहे. स्क्वाँडररसारखा घोडा १९ शर्यती पळून १८ जिंकतो, पण असा घोडा पिढीत एखादा. त्याच्या नावाचा अर्थ उधळ्या! पहिल्यांदा घोडा घेणाऱ्या मालकाला ते नाव जास्त शोभतं.

आपल्या वर्गात तीन सीए आहेत, म्हणून कराचंही सांगतो. आयकराचा १९६१ चा कायदा आपल्या ओळखीचा. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याच्या कलम ७४अ प्रमाणे रेसचे घोडे पाळण्यात झालेला तोटा फक्त त्याच कामाच्या उत्पन्नातून वजा होत असे, धंद्यातून किंवा पगारातून नाही, आणि तो पुढे ओढायची मुदत चार वर्षं होती. तेव्हा "तोटा झाला तर कर वाचेल" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि घोडा पाळणं व घोड्यावर पैसे लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, हे खरं. पण ते कौशल्य आपल्यात आहे असं न्यायालयाने म्हटलेलं नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि शर्यती थांबल्या. बक्षिसं शून्य झाली. घोड्यांची भूक मात्र तेवढीच राहिली. सईस पागांमध्येच राहिले, सकाळी चंदी, खरारा, फिरवणं, सगळं चालू होतं. घोडा ही गोष्ट बंद करून ठेवता येत नाही, हे त्या दिवसांत मालकांना जेवढं समजलं तेवढं एरवी कधी समजलं नसेल.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येतो.

मराठ्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. शिलेदाराचा मान मोठा, पण जनावराचं बरंवाईटही त्याच्याच माथी. मालक व्हायचं म्हणजे शिलेदार व्हायचं. फोटोपुरतं शिलेदार आणि बिलाच्या वेळी बारगीर, असं जमत नाही.

मी बघितलेली एक घोडी सांगतो. सहा मित्रांनी मिळून घेतली होती. तिसऱ्या शर्यतीत जिंकली. सहाही जण तिचा लगाम धरायला धावले, फोटोत घोडीपेक्षा माणसं जास्त दिसत होती. पुढच्या हंगामात सकाळच्या कामात तिच्या पुढच्या पायाचं टेंडन फाटलं, म्हणजे पायामागची ती दोरीसारखी शीर. मी तपासून सांगितलं, जगेल, चालेल, वर्षभराने हलकी रपेटही करेल, पण शर्यत संपली. तिची वंशावळ साधी होती, त्यामुळे पैदाशीसाठीही कुणी मागेना. दोन महिन्यांत सहांतल्या चौघांचे फोन लागेनासे झाले. पाचवा म्हणाला, "कुणाला तरी देऊन टाका." सहावा एका शाळेत शिक्षक होता आणि हिस्सा त्याचाच सगळ्यात लहान होता. तो दर रविवारी बसने यायचा, घोडीजवळ उभा राहायचा आणि जाताना त्याच्या वाटणीहून जास्त पैसे ठेवून जायचा. शेवटी एका घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबने तिला घेतलं. बारा वर्षांची होईपर्यंत तिच्यावर लहान मुलं लगाम धरायला शिकली.

ती नशीबवान. घोडा पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पळतो, फार तर सात-आठ. जगतो पंचवीस वर्षं, कधी तीस. मोजके नर स्टडमध्ये जातात, चांगल्या कुळीच्या घोड्या पैदाशीला जातात. बाकीच्यांपैकी काही पोलो खेळतात, काही स्वारीच्या शाळेत जातात. काही हातोहात विकले जाऊन लग्नाच्या वरातीत बँडच्या कर्कश आवाजात उभे राहतात, तर काही थंड हवेच्या ठिकाणी दगडाधोंड्यांतून माणसं वाहतात. विकणाऱ्याला पुढचा मालक माहीत असतो, त्याच्या पुढचा माहीत नसतो.

पळून झाल्यावर घोडा निरुपयोगी होतो असंही नाही. पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, त्यांच्या रक्तापासून औषधी सीरम बनायचं. त्यातूनच पुण्यात हेच काम करायची कल्पना निघाली आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सापाच्या विषावरचं औषध आजही घोड्यांच्याच रक्तातून येतं. आपल्या गावाकडच्या किती घरांत त्यामुळे माणूस वाचलाय, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा रेसमधून बाहेर पडलेल्या घोड्याला भंगार समजू नका.

म्हणून आपल्या प्रस्तावाला माझा होकार आहे, पण तीन अटींवर.

एक, चौदा जणांचा लेखी करार. कोण किती देणार, कुणी मधेच सोडलं तर त्याचा हिस्सा कोण घेणार, निर्णय कोण घेणार, सगळं कागदावर. मैत्री टिकवायची असेल तर हिशेब तोंडी ठेवू नका.

दोन, पहिल्या दिवसापासून प्रत्येक महिन्याच्या वर्गणीतला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात. त्या पैशाला शर्यतीसाठी हात लावायचा नाही, तो घोड्याच्या निवृत्तीचा. चौदा वर्गण्यांचा दहावा हिस्सा कुणाला जाणवणारही नाही, आणि चार वर्षांत जमलेल्या रकमेवर त्याला नीट जागा शोधून देता येईल. भाडेपट्ट्याने घेतला तर तो परत कुठे आणि कसा जाईल, हे करारात आधी लिहून घ्यायचं. मघाशी ती वाट बरी म्हणालो ते याचसाठी, तिथे परतीचा पत्ता पहिल्या दिवशीच ठरलेला असतो.

तीन, वेदना होत असलेला घोडा आपण पळवणार नाही. वेदनाशामक देऊन पळवणं नियमात बसत नाही, नमुन्यात अंश सापडला तर घोडा बाद होतो आणि चौकशी लागते, ते वेगळंच. पण सापडणार नाही अशी खात्री असली तरीही नाही. त्या दिवशी डर्बी असली तरीही नाही. डॉक्टर "नको" म्हणाला की चर्चा बंद.

हे सगळं मान्य असेल, तर मग मजाही तेवढीच मोठी आहे. पावसाळ्यात पहाटे पुण्याच्या ट्रॅकवर गरम चहाचा पेला हातात घेऊन उभं राहायचं, धुक्यातून आधी टापा ऐकू येतात आणि मग आपला घोडा दिसतो. तो पहिला आला नाही तरी त्या क्षणाचे पैसे वसूल होतात, हे मी दुसऱ्यांच्या घोड्यांवर अनुभवलंय.

घोडामैदान जवळच आहे. कराराचा मसुदा आपल्या वकील मैत्रिणीने तयार केलाय, तो बाहेर टेबलावर ठेवलाय. जेवणाआधी वाचा. या वेळी अंगठा नको, सही करा.